वांग्यांनी तपासलेल्या बारा भाषा

विषय : बोरकुंडी संस्थानची वेबसाइट बारा भाषांत आपोआप भाषांतरित झाली आहे, ती बरोबर झाली आहे की नाही, याची खात्री करणे.

संदर्भ : श्रीमंत भुजंगराव महाराजांचा तोंडी हुकूम. भर दरबारात, रागाच्या भरात दिलेला. सबब फेरविचाराला जागा नाही.

हकिगत अशी. दिवाण धुंडिराजपंतांनी एक यंत्र आणलं. बटण दाबलं की संस्थानची वेबसाइट बारा भाषांत हजर! दुभाष्यांना त्याच दिवशी घरी पाठवण्यात आलं. महाराजांनी बाराही पानं कौतुकानं वरखाली केली आणि विचारलं, "पंत, हे बरोबर आहे कशावरून?"

दरबार पंतांकडे बघू लागला. त्या बारांपैकी एकही भाषा कुणाला येत नव्हती.

"सरकार," पंत म्हणाले, "यंत्राकडूनच सगळं पुन्हा मराठीत आणवलं. शब्द न् शब्द जुळला!"

दाराशी कुणीतरी फिसकन हसलं. तो हैबती दवंडीवाला होता. वेबसाइट आल्यावर दवंडीचं काय काम, म्हणून पंतांनी त्याला हलगी जमा करायला बोलावलं होतं.

"काय रे, हसलास का?" महाराज गरजले.

"आरोपीलाच साक्षीला उभं केलं, सरकार. आणि साक्ष जुळली म्हणून पंत खूश झाले!"

महाराजांना राग आला. राग आला की त्यांना हुकूम सुचत. "मोठा शहाणा! मग तूच खात्री कर. दसऱ्यापर्यंत मुदत. ती भाषा येणाऱ्या कुणालाही विचारायचं नाही. जमलं तर हलगी तुझी. नाही जमलं तर हलगी कोठीत आणि तू गाढवावर!"

हैबतीनं मान लववली. "गाढवाशी बोललेलं चालेल ना, सरकार? नाही, पंतांकडे काम पडणार आहे म्हणून विचारतो."

घरी कोंडाबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, कानडीतलं 'या' आणि 'जा' तरी येतं का तुम्हांला?"

"नाही."

"मग हलगी गेली की खायचं काय आपण?"

"अगं, 'उद्या पाणी नाही' अशी दवंडी दिली, तर मी दारोदार विचारत बसतो का, समजलं का म्हणून? परत येताना बघतो. दारात भरलेले हंडे दिसले, म्हणजे समजलं!"

दुसऱ्या दिवशी तो पंतांकडे गेला. "वेबसाइटवर वरती एवढंच घाला : दसऱ्याला राजवाड्यात जेवण आहे. येताना हातात एक वांगं घेऊन या. आणि दाबा तुमचं बटण."

"शिव शिव!" पंत म्हणाले. "श्रीमंतांच्या वेबसाइटवर असलं उघडंबोडकं वाक्य?" त्यांनी लेखणी उचलली आणि मजकूर सुधारला : 'विजयादशमीच्या सुमुहूर्तावर राजप्रासादी योजिलेल्या भोजनप्रबंधाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्यांनी एकेक वृंताकफल हस्तगत करून सादर व्हावे.' मग बटण दाबलं.

दसरा उजाडला. महाराज सज्जात बसले, शेजारी पंत, मागे हैबती. बोरकुंडीच्या बाजारात सगळ्या मुलखांचे व्यापारी. ज्याची त्याची पेठ वेगळी. कानडी पेठ आली, प्रत्येकाच्या हातात वांगं! तेलुगू पेठ आली, हिरवी लांब वांगी घेऊन. गुजराती पेठ वांगी घेऊन आली आणि आल्या आल्या पोचपावती मागू लागली. एकामागून एक पेठा येत राहिल्या, वांग्यांचा ढीग वाढत राहिला.

मग डोंगरापलीकडचे आले. प्रत्येकानं एकेक मेंढी ओढत आणली होती. आणि सगळ्यांत शेवटी बेटावरचे आले; पांढऱ्या कपड्यांत, माना खाली घालून, महाराजांच्या तेराव्याला. खुद्द महाराजांना सज्जात पाहून ते थोडे नाराज झाले.

"झाली खात्री, सरकार!" हैबती म्हणाला. "वांगं आलं ती भाषा बरोबर. मेंढी आणि तेरावं, एवढ्या दोन दुरुस्त करून घ्या."

महाराज थक्क झाले. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं. "पण आपली माणसं कुठायत? मराठी आळीतलं एक कुत्रंही आलेलं नाही!"

"मराठीत भाषांतराचा प्रश्नच येत नाही, सरकार," पंत घाईनं म्हणाले. "मूळ मजकूरच मराठी!"

महाराजांनी मूळ मजकूर मागवला. एकदा वाचला. पुन्हा वाचला.

"पंत, वृंताकफल म्हणजे?"

"वांगं, सरकार."

"अस्सं! मला वाटलं, तुम्ही रयतेकडे कसला तरी नवा कर मागताय!"

"रयतेलाही तेच वाटलं, सरकार," हैबती म्हणाला. "सगळे दारं लावून बसलेत. हुकूम असेल तर खाली जाऊन येतो."

हुकूम मिळाला. वेशीपासून हलगी कडाडली. "ऐका हो ऐका! वाड्यात जेवण हाय! हातात वांगं घ्या अन् पंगतीला बसा!"

हैबती आळीच्या टोकाला पोचण्याआधी अर्धी आळी त्याच्या पुढं पळत होती. एका म्हातारीच्या दोन्ही हातांत वांगी होती. शिपायानं अडवलं तर म्हणाली, "एक सुनेचं हाय. ती केस बांधून येतीय."

"बारा भाषा यंत्राला सांभाळू द्या, सरकार," हैबती परत येऊन म्हणाला. "पण पंतांचं मराठी मराठीत आणायचं, तर त्याला हलगीच लागते!"

महाराज हसले. इतके हसले, की बेटावरचे लोक पुन्हा आशेनं वर बघू लागले.

"हलगी तुझी!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि आजपासून तू दरबारचा भाषांतरकार. मराठीतून मराठी!"

"नेमणुकीसाठी रीतसर अर्ज लागेल," पंत म्हणाले.

हैबतीनं जेवण्याआधीच अर्ज दिला : 'सरकारांनी नेमलं आहे. कामावर घ्या.'

अर्ज पंतांच्या कचेरीत पोचला आहे. तो एका वाचनात समजतो, त्यामुळे त्यात काहीतरी उणीव असावी, असा शेरा कचेरीने मारला आहे. अर्ज प्रलंबित आहे.