मणाईला आधी रागवावे लागते

मणेवाडीच्या ओढ्याला दोन्ही काठांनी एक गवत वाढते. दिवाळी सरली की त्याला राखी, पांढरे, काळपट असे टणक मणी धरतात. त्याला कसई म्हणतात. देठ ओढला की मण्याला आरपार भोक. सुई नको, टोचा नको. पाहुण्यांना याचे फार नवल वाटते. मणी तोडावेत, झुडूप उपटू नये. वर देऊळ आहे ते मणाईचे. हे गवत तिचे, आणि ते इथे कसे आले हे वाडीतली जुनी माणसे सांगतात ते असे.

पूर्वी इथे ठकूबाई नावाची बाई होती. तिची पोर चिमी तापाने पायांतून गेली. ठकूने देवीला नवस केला, पोर चालली तर पौषातल्या जत्रेला तुझ्या कमरेला मण्यांचा पट्टा विणीन. एवढ्यावर थांबली असती तर बरे होते. पण शेजारणींनी लाकडी मण्यांचे पट्टे वाहिले होते, म्हणून हिने पुढे जोडले, "काचेच्या मण्यांचा."

पोर चालू लागली. ठकूने बाजारातून काचेचे मणी आणले आणि माग मांडला. बांबूच्या दोन काठ्या, त्यांना सारख्या अंतरावर खाचा, खाचांतून ताणलेले उभे धागे. मण्यांची ओळ धाग्यांखालून न्यायची, प्रत्येक मणी दोन धाग्यांच्या मधे बसवायचा आणि सुई धाग्यांवरून त्याच मण्यांतून परत आणायची. काम सोपे. पण काचेच्या भोकाची कड धारेची. चार बोटे विणून झाले की सुताचा धागा तटकन तुटे.

तिने सुताला मेण लावले. तुटले. अंबाडीचा वाख वळला, तो जाड, मण्यातून दुसऱ्यांदा जाईना. घोड्याच्या शेपटीचे केस आणले, त्यांची गाठच टिकेना. मग रेशीम. ते तुटले नाही, पण असे सैलावले की पट्ट्याला झोळ पडला.

सासू हौसाबाई बघून म्हणाली, "सूनबाई, देवीला नेसवायचंय, का ओढ्यात मासे धरायचेत?"

"तुम्ही विणा, आत्याबाई."

"मी कशाला? जीभ माझी सुटली होती का?"

ठकूने दात आवळून सगळे उसवले आणि पुन्हा सूत ताणले. जत्रा आली, गेली. पट्टा झाला नाही. शिमग्याला चिमी अंगणात धडपडली. मग रोजच धडपडू लागली. पाय पुन्हा वळेनात. देवी दिलेले परत घेते आहे, हे ठकूला कोणी सांगावे लागले नाही.

त्या दिवशी मागावरचा धागा पुन्हा तुटला. ठकूने मण्यांची परडी उचलली आणि ती देवळात गेली, म्हणे. हात जोडले नाहीत.

"काच मी बोलले. चूक माझी," ती म्हणाली. "पण पोरीचे पाय कशाला ओढतेस? बोटं बघ माझी, सोलून निघाली. नैवेद्याला बरी जागी असतेस, आणि धागा तुटतो तेव्हा झोपतेस? पट्टा हवा ना? मग मणी तू दे. भोकं पाडून दे. हे घे तुझे!"

तिने परडी ओढ्यात भिरकावली आणि मागे न बघता घरी आली.

पावसाळ्यानंतर काठावर हे गवत आले. पूर्वी कोणी पाहिलेले नव्हते. ठकूने एक मणी तोडला, देठ ओढला, भोकाच्या कडेवर नख फिरवले. कड गुळगुळीत होती. तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "एवढे दिवस काय करत होतीस गं?"

लहानमोठे मणी एका ओळीत आले तर पट्टा वाकडा जातो. म्हणून तिने ते चाळणीने चाळून एका मापाचे निवडले. साधेच सूत घेतले, मेण लावले, कडेचे धागे दुहेरी धरले. धागा तुटला नाही. पट्टा जसा वाढत गेला तशी चिमी भिंत सोडून चालू लागली. जत्रेच्या दिवशी पट्टा घेऊन तीच देवळाच्या पायऱ्या चढली.

हौसाबाईने ठकूला देवळाच्या दारातच अडवले. "तू काच बोलली होतीस."

"काच मी दिली," ठकू म्हणाली. "तिनं ती पेरली. उगवलं ते मी विणलं. आता हिशोब तिला विचारा."

हौसाबाई बाजूला झाली. तेव्हापासून देवीला मणाई म्हणू लागले, असे सांगतात.

आजही वाडीतली बाई पट्ट्यासाठी माग मांडते ती आधी देवळात जाते आणि देवीला मोठ्याने रागवते. जे काही मनात साचले असेल ते सगळे. नवी सून लाजते, डोळे मिटून नुसते हात जोडते. मग म्हाताऱ्या तिला मागून ढोसतात, "अगं, तोंड उघड. घरात नवऱ्याला बोलतेस तसं बोल."

हसू दाबत ती पुटपुटू लागते. थोड्या वेळाने आवाज चढतो आणि हसू जाते. तिचे सांगून संपेपर्यंत मागाला कोणी हात लावत नाही.