चाळीस आळी

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात एक माळीण राहत होती. राग कायम तिच्या नाकावर बसलेला असे. पण हाताला मात्र गुण होता. तिने वाळकी काठी रोवली तरी पालवी फुटेल, असं लोक म्हणत. तीही तेच म्हणे, फक्त जरा जास्त मोठ्याने.

एकदा दूर देशीचा एक व्यापारी तिच्या ओसरीवर उतरला. जाताना त्याने तिला ब्लूबेरीची चाळीस रोपं दिली.

"बाई, करवंदाएवढी निळी, गोड फळं लागतात याला," तो म्हणाला. "फक्त एक सांगतो, याची मुळं..."

"झाड कसं लावायचं ते मला शिकवता?" माळीण कडाडली. "आंबे लावणाऱ्या सासूच्या हाताखाली तयार झालेय मी!"

व्यापाऱ्याने हात जोडले आणि आपली वाट धरली.

माळिणीने रोपं लावली ती सासूच्या पद्धतीनेच. प्रत्येक रोपाभोवती वीतभर खोल आळं खणलं, आणि ओल्या हाताने आतून लिंपून गुळगुळीत केलं. चाळीसच्या चाळीस आळी एका मापाची. दर वर्षी ती पुन्हा लिंपायची. झाडं नंतर, आधी बायका आळीच बघायला यायच्या. माळिणीच्या नावाने गावात ना घर होतं ना शेत. होती ती ही चाळीस झाडं.

त्या गावची एक रीत होती. झऱ्यावरून पाणी आणणाऱ्या बाईने बागेतल्या एका तरी झाडाला तांब्याभर पाणी घालायचं आणि मगच घरी जायचं. पुण्य लागतं म्हणत.

तीन वर्षं झाडं बरी वाढली. चौथ्या वर्षी त्यांचं काहीतरी बिनसलं. पानं आधी कडेने लाल झाली, मग पिवळी, मग झाडांनी माना टाकल्या. बायकांना वाटलं, तहानली असतील. त्या एका तांब्याचे दोन तांबे घालू लागल्या. झाडं आणखी सुकली. बायकांनी तीन घातले.

एका सकाळी माळिणीने मेलेलं झाड धरून ओढलं, तर ते अलगद हातात आलं. मुळं काळी पडलेली, लिबलिबीत. चिमटीत धरताच साल निसटली आणि आत नुसता दोरा उरला. वास तर असा, की तिने तोंड फिरवलं.

"तहानली कुठली! ही तर बुडून मरतायत!" ती ओरडली, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

नेमकी त्याच वेळी पाटलीणबाई घागर घेऊन आत आल्या आणि एका सुकल्या झाडावर ती कलती केली. माळिणीने घागरच हिसकली. ओढाताणीत ती दगडावर पडली आणि फुटली.

"अगं, वेड लागलं का तुला? सुकलंय ते!" पाटलीणबाई म्हणाल्या. "तहानलेल्याला पाणी घातलं तर माझं काय चुकलं?"

"पुण्याच्या हावेने माझी झाडं मारलीत सगळ्यांनी! पुन्हा या बागेत पाय टाकलात तर याद राखा!"

तिने फाटकाला काटेरी फांद्या लावल्या. तोवर आठ झाडं गेली होती. पुढचे दहा दिवस बागेत कुणाचा तांब्या आला नाही. अकराव्या दिवशी एक सर येऊन गेली, अर्ध्या तासाची, पागोळ्या वाहण्यापुरती. त्या आठवड्यात आणखी पाच झाडं मेली.

आता मात्र माळिणीच्या डोक्यात आग पेटली. कुणीतरी कुंपणावरून चोरून पाणी घालतंय, याची तिला खात्रीच पटली. ती तशीच चावडीवर गेली आणि तिने सगळ्या गावाला फैलावर घेतलं. कुणाच्या आईबापांना सोडलं नाही.  शेवटी म्हातारी कुंभारीण काठी टेकत उठली.

"झालं का बोलून? चल, मला दाखव तुझी बाग."

"तुला झाडातलं काय कळतं गं, म्हातारे?"

"झाडातलं नाही कळत. चिखलातलं कळतं. चल."

बागेत येऊन म्हातारी एका आळ्यापाशी बसली. सर येऊन आठवडा झाला होता, तरी तळाशी पाणी साचलेलंच होतं. तिने काठाचं ढेकूळ फोडलं, बोटांत मळलं आणि हसली.

"अगं, या बांधापलीकडचीच माती मी मडक्यांना नेते. ही पाणी धरून ठेवते, म्हणून तर मडकी होतात. त्यात तू वर्षानुवर्षं हात फिरवून ती चोपलीस. ही आळी नव्हेत बाई, पाणी ठेवायचे मातीचे परळ आहेत परळ! फक्त भाजायचे राहिलेत. आंब्याचं मूळ खोल जातं, ते फोडून निघेल. ही मुळं बघ, केसासारखी, वरच्या वर पसरलेली. ती जातील कुठं?"

माळिणीला म्हातारीचा इतका राग आला, की काठी हिसकून फेकावीशी वाटली. मग तिला व्यापारी आठवला. 'याची मुळं...' म्हणून तो थांबला होता. थांबला कसला, तिनेच त्याला थांबवलं होतं. बायकांनी घातलं ते पाणी वाहून गेलं असतं. ते अडवून ठेवलं होतं तिच्या आळ्यांनी.

आता राग काढायला दुसरं कुणी उरलं नाही. तिने कुदळ उचलली आणि चौदाव्या वर्षी सून होऊन आली तेव्हापासून मिरवलेली आपली कारागिरी दणादण फोडायला घेतली. तीन आळी फोडल्यावर तिच्या ध्यानात आलं, की उरलेली झाडं आज उचलली नाहीत तर पुढच्या सरीत जातील, आणि दोन हातांनी ते होणार नाही.

ती पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली. डोळे लाल, हात चिखलाने भरलेले.

"पाटलीणबाई, चूक माझी होती. पाणी तुमचं होतं, पण डबकं मी केलं होतं." आणि लगेच आवाज चढवून म्हणाली, "आता तोंडाकडे काय बघताय? कुदळी घ्या आणि चला!"

पाटलीणबाईंना रागही आला आणि हसूही. त्या कुदळ घेऊन निघाल्या, तसं सगळं गाव निघालं.

दिवसभर काम चाललं. वाळू, पालापाचोळा आणि लाकडाचा भुसा घालून उताराच्या बाजूला गुडघाभर उंच वाफे केले. पाणी निघून जायला खालून चर काढला. एकेक झाड उचलून चिकणमाती झाडली, काळी मुळं विळ्याने छाटली आणि दर झाडानंतर विळा उकळत्या पाण्यात बुडवला, म्हणजे एकाची कीड दुसऱ्याला लागू नये. मुळं कमी झाली तसा वरचा पालाही कमी केला. चार झाडांना जिवंत मूळच सापडलं नाही. मेलेली सगळी गावाबाहेर नेऊन जाळली. पेटती काडी माळिणीने स्वतःच्या हाताने लावली.

तेवीस झाडं वाचली. पुढच्या वर्षी त्यांना फळ आलं, आणि पहिली टोपली पाटलीणबाईंकडे गेली. रीतही राहिली, पण बदलून. आता मातीत दोन पेरं बोट खुपसायचं, आणि ओल लागली तर तांब्या तसाच घरी न्यायचा.

काही दिवसांनी गावातली एक नवी सून रोप मागायला आली. माळीण रोप तिच्या हातात देत म्हणाली, "हे बघ, याची मुळं..."

"मला नका सांगू, मावशी," सून म्हणाली. "माहेरी बाग आहे आमची."

माळिणीच्या कपाळाची शीर ताडताड उडाली. पण ती ओरडली नाही. तिने पोरीचा दंड धरला आणि तिला बागेच्या जुन्या कोपऱ्यात नेलं. तिथे मेलेल्या झाडांच्या सतरा जागा तिने खुणेसाठी रिकाम्या ठेवल्या होत्या. त्या मातीत ती काही लावत नसे.

"मलाही कुणी सांगायची गरज नव्हती," ती म्हणाली. "मोज."

सुनेने सतरापर्यंत मोजलं. मग रोप खाली ठेवलं आणि म्हणाली, "सांगा."

तात्पर्य इतकंच: झाड सुकलं, की आधी दुसऱ्याच्या हातातला तांब्या डोळ्यांत खुपतो. आपल्या हातचं आळं बघायला वाकावं लागतं, आणि ते जितकं लवकर वाकून पाहाल तितकी झाडं वाचतील.