सैल काडी

पाखरं माणसांशी बोलत होती त्या काळी, विहिरीवरच्या बाभळीत एक सुगरण नर घरटं विणत होता. एक मादी रोज यायची, घरटं आतून-बाहेरून न्याहाळायची आणि जाताना एक काडी उपसून न्यायची.

नर बुचकळ्यात पडला. त्याने वीण घट्ट आवळली, तरी काडी गेलीच. घरटं आवडत नसेल तर ही येते कशाला, आणि आवडत असेल तर उसवते कशाला?

शेवटी त्याने शेजारच्या फांदीवरच्या म्हाताऱ्या होला पक्ष्याला विचारलं, "काका, हे घरटं सोडून देऊ का?"

होला म्हणाला, "झाडावर अकरा घरटी आहेत. तिने दुसऱ्या कुणाच्या काडीला चोच लावलेली पाहिलीस?"

नराला अजूनही नीटसं उमगलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी त्याने दाराशी एक काडी मुद्दाम सैल ठेवली.