शालननं विचारलं होतं

"...पण तिला सांगून तरी आता काय मिळणार, बाई?"

डॉ. प्रणव आरवाडे हे तिसऱ्यांदा म्हणाला. समोर त्याच्या गुरू, डॉ. विमल कुरुंदवाडे, पावटे सोलत बसल्या होत्या. चाळीस वर्षं सांगलीत बायकांची ऑपरेशनं करून आता त्या घरी बसल्या होत्या.

"कुणाला सांगून?"

"शालन लोखंडे. एकेचाळीस वर्षांची आहे, ब्लाउज शिवते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. दीड वर्षापूर्वी मीच काढला, रोबोटनं. आता परत आलाय. फुप्फुसातही गेलाय..."

"ऑपरेशन बिघडलं होतं?"

"छे हो! बघत राहावं असं झालं होतं. वाटीभरसुद्धा रक्त गेलं नाही. तिसऱ्या दिवशी घरी."

आता प्रणव म्हणजे काही साधी असामी नव्हे! आसपासच्या चार तालुक्यांत रोबोटवर ऑपरेशन करणारा तोच एक. पेपरात फोटो, चौकात फ्लेक्स. बाई वीतभर छेद घेऊन जे करायच्या, ते हा चार भोकांतून करायचा, आणि तसं चारचौघांत बोलूनही दाखवायचा. आज मात्र सगळी ऐट उतरली होती.

"मग तोंड का उतरलंय तुझं?"

प्रणवनं बाईंच्या परातीतली एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली. बाईंनी घाई केली नाही.

"परदेशात एक मोठा अभ्यास झालाय," तो शेवटी म्हणाला. "या कॅन्सरसाठी भोकांतून ऑपरेशन झालेल्या बायकांत आजार जास्त परतला. पोट उघडून ज्यांचं केलं, त्या जास्त जगल्या."

"तू कधी वाचलास?"

"...तिच्या ऑपरेशनच्या आधी."

बाईंचे हात थांबले.

"मला वाटलं, ते आकडे दुसऱ्यांच्या हातांचे. माझा हात तसा नाही."

बाईंच्या वॉर्डात एक रीत होती. पेशंटनं आपलं ऑपरेशन डॉक्टरला उलट सांगायचं, आपल्या शब्दांत. काय काढणार, कसं काढणार, पुढं काय होऊ शकतं. ते नीट सांगता आलं, की मगच कागदावर सही. शिकत असताना प्रणव हसायचा. "बाई ऑपरेशन करतात, की तोंडी परीक्षा घेतात?" पुढं स्वतःचा विभाग हातात आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं ती रीत मोडीत काढली.

बाईंनी परात बाजूला सारली. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले.

"मी शालन. तिला सांगितलंस, तसं सांग मला."

"बाई, नको ना..."

"सांग."

"ताई, दोन पद्धती आहेत. एक पोट उघडून. मोठा व्रण राहील, आठ-दहा दिवस दवाखान्यात, दीड महिना शिलाई मशीनला हात लावायचा नाही. दुसरी रोबोटनं. बारीक भोकं. पंधरा दिवसांत तुम्ही मशीनवर."

"पण डॉक्टर, आजार मुळापासून जाईल ना हो? दोन्हीत सारखाच?"

शालननं हेच विचारलं होतं, अगदी हेच. बाईंना कसं कळलं, देव जाणे. चाळीस वर्षं बायका हेच विचारत आल्या असतील.

"काय म्हणालास तिला?"

"म्हणालो... माझ्या हातून गेलेला कॅन्सर परत येत नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आणि ती अजून मला देव मानते हो!" प्रणवला हुंदका आवरेना. "परवा तपासणीला आली, तर माझ्या बायकोसाठी ब्लाउज शिवून आणला. आजार परत आला म्हटलं, तर म्हणते, मीच लवकर कामाला लागले, पाण्याच्या कळशा उचलल्या. माझंच चुकलं, डॉक्टर. तुम्ही तर सगळं नीट केलं होतं..."

बाईंचे डोळे भरून आले.

"आणि हे असंच मनात घेऊन जाऊ देणार आहेस तिला?"

प्रणवनं मान खाली घातली.

"नाही बाई. सांगतो. उद्याच तिच्या घरी जातो. तिचं काही चुकलं नाही, मला माहीत होतं आणि मी लपवलं, सगळं सांगतो. पाय धरतो तिचे. माफ केलं म्हणेपर्यंत उठणार नाही. ती माफ करेल ना? नाही तर मी जगायचं कसं, बाई?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले.

"तिच्याकडे दिवस थोडे आहेत, प्रणव. त्यातला एकही स्वतःसाठी मागू नकोस."