चिखलाचा गोळा

विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांचं राज्य होतं, त्या काळची ही गोष्ट. पलीकडच्या शिंदीवर शंभर खोपे झाले आणि इथे साठच, म्हणून प्रधानाने नवं धोरण काढलं. खोप्याच्या आत चिखलाचा गोळा लिंपायचा नाही. तेवढ्या वेळात दुसरा खोपा विणायचा.

पिवळी या बाभळीवर नुकतीच लग्न होऊन आली होती. नवऱ्याने विणलेला खोपा तिने आतून चाचपला.

"अहो, गोळा कुठंय? वाऱ्यात वजन नको का?"

"हळू बोल. प्रधानजी म्हणतात, चिखल म्हणजे मागासलेपण."

"माझ्या माहेरी लावतात."

"म्हणूनच तुझं माहेर मागे राहिलं," वरच्या फांदीवरून सासूबाई म्हणाल्या. "अंडी घाल आता, उगाच खुसपटं काढू नकोस."

पिवळीने तीन अंडी घातली. तोवर खोपे एकशेवीस झाले. शिंदीवरचे पक्षी येऊन बघून गेले.

मग एका दुपारी वारा सुटला. हलके खोपे गरगर फिरले, उलटे झाले, आणि पिवळीची तिन्ही अंडी तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत गेली. इतरांचीही गेली.

संध्याकाळी प्रधानजींनी फांदीन् फांदी फिरून मोजणी केली. "शाब्बास! एवढ्या वाऱ्यात एकही खोपा तुटला नाही. एकशेवीसच्या एकशेवीस!"

सगळ्यांनी पंख फडफडवले. सासूबाईंनी मात्र नाही. त्या पिवळीजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सूनबाई, विहिरीत पाण्याच्या काठावर अजून ओला चिखल आहे."

पिवळीने खाली पाहिलं. चिखल होता. त्याच्या कडेला पांढरी टरफलं लागली होती.