आक्कांनी चूल दुसऱ्यांदा पेटवली

“…आणि नवस मनापासून केला होता, आक्का. पोटातून. मग तो फळला का नाही?”

शैलजा हे विचारत होती तेव्हा तिच्या मांडीवर पिशवी होती, आणि पिशवीतून बदलायच्या साड्यांचे काठ डोकावत होते.

आक्कांनी प्रश्न ऐकला. काठही पाहिले.

नवस चैत्रातला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला शैलजा मठात आली होती, तेव्हा देवीपुढे पदर पसरून तिने मागितलं होतं: आई, एक तरी संध्याकाळ अशी दाखव, की माझ्या घरातले चौघे एका पातेल्यातली भाजी नाव न ठेवता खाऊन उठलेत. तुझ्यापुढे कणकेचे दिवे लावीन.

लोक देवीकडे नोकरी मागतात, मूलबाळ मागतात. शैलजाने एक पातेलं भाजी मागितली होती.

आता श्रावण निम्मा सरला होता. दिव्यांची कणीक काही मळली गेली नव्हती.

मठ नदीकाठी, अगदी लहानसा. गुरू गेल्यावर तो आक्कांनीच सांभाळला. गादी त्यांची होती, पण गादीवर बसलेल्या त्या कुणाला दिसल्या नाहीत. बघावं तेव्हा चुलीपाशी. आसपासच्या बायका काही अडलं की त्यांच्याकडे येत. शैलजाचा मंत्र तर त्यांनीच दिलेला, लग्नाआधी. त्यामुळे ती त्यांच्यापाशी मोकळं बोले, आणि त्या दिवशी जरा जास्तच मोकळं बोलली.

तिने सगळं सांगितलं.

मामंजींच्या तोंडाचं बोळकं झालेलं. त्यांना भाजी लोण्यासारखी शिजलेली हवी. तीच भाजी तिच्या नवऱ्याला, अनंतला, लगदा वाटते. त्याला फोडी अख्ख्या हव्यात आणि वर तिखटाचा तवंग. मुग्धा कॉलेजात जायला लागली, तरी कढीपत्ता आणि कोथिंबीर एकेक पान वेचून ताटाच्या कडेला तोरण बांधते. ओजस पाचवीत. त्याला वरणाचा भाताला हात लागलेला चालत नाही. वरण वाटीत, भात ताटात, आणि दोघांची गाठभेट काय ती त्याच्या तोंडात.

काल संध्याकाळी दोडका केला होता. मामंजींनी एक घास चघळला आणि प्रेमानेच विचारलं, “सूनबाई, भाजी आहे होय? मला वाटलं, काथ्या भिजत घातलाय.” मुलं हसली. अनंत बोलला नाही. उठून चटणीची बरणी घेऊन आला, आणि ते तर बोलण्याहून जास्त लागलं. ओजसने पाटावर बसायच्या आधीच विचारून घेतलं होतं, आज दुसरं काय आहे म्हणून.

तिने गॅस बंद केला. ओटा पुसला. आणि आज, सोमवारच्या दर्शनाला जाऊन येते एवढंच सांगून, एसटीत बसली. साड्यांचं घरात कुणाला बोलली नाही.

“मला चातुर्मास संपेपर्यंत इथं ठेवून घ्या,” शैलजा म्हणाली. “तुमची चूल मी सांभाळते. इथं पानात पडेल ते माणूस मुकाट्यानं जेवतं. अशा पंगतीला वाढायला मिळालं तर माझ्या हाताचं सोनं होईल…”

ते खरं होतं. मठाचा तो नियमच होता, गुरूंनी घालून दिलेला. भाविकांकडून जो शिधा येईल तो शिजवायचा. चूल दिवसातून एकदाच पेटवायची, दिवस कलताना. पानात पडेल ते खायचं. मागायचं नाही, नाकारायचं नाही. मोठमोठे बंगलेवाले येत, तेही इथे कारल्याची भाजी डोळे मिटून गिळत.

आक्कांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“आज उपास असेल तुझा.”

“हो. सोमवार.”

“मग आधी तो सोड. राहायचं मागाहून बघू.”

पंगत त्या दिवशी दोघींचीच होती. आक्कांनी समोरासमोर केळीची पानं मांडली. स्वयंपाक झाला होता, म्हणून चुलीत पाण्याचा हबका मारून ती विझवली. मग वाढायला घेतलं.

आधी भाताची मूद.

शैलजाने पानावर हात आडवा धरला. “आक्का, सोमवारी मी तांदूळ घेत नाही. ओजसच्या वेळेपासूनचा नेम आहे.”

आक्कांनी मूद उचलून आपल्या पानावर ठेवली.

द्रोणात आमटी वाढली. शैलजाने वास घेतला.

“गूळ आहे का हो यात?”

“आहे की.”

“गूळ सोडलाय. मुग्धा तापानं फणफणली होती ना, तेव्हा बोलले होते.”

द्रोण पलीकडे गेला.

मग माठाची भाजी. श्रावणात पालेभाजी ती खात नसे. मग शेंगदाण्याची चटणी, तिच्यात लसूण. चातुर्मासात कांदालसूण बंद. मग ताक. अनंतची लांबच्या गावी बदली व्हायची होती, ती टळावी म्हणून ताक सोडलं होतं. आणि बदली टळली होती, हे तिने मुद्दाम सांगितलं.

एकेक नेम सांगताना तिचा आवाज थोडा थोडा चढत होता. इतक्या वर्षांत त्यातला एकही मोडला नव्हता. हे गुरूपाशी सांगायचं नाही तर कुणापाशी सांगायचं?

आक्कांचं पान भरून गेलं. शैलजाच्या पानावर भाकरी उरली, आणि कोपऱ्यात मीठ.

“मी भाकरी-मीठ खाते. तेवढं पुरे मला.”

“तुला चालतं काय?” आक्कांनी विचारलं.

त्या विचारण्यात कुसळाएवढाही टोमणा नव्हता. शैलजाने तो शोधून पाहिला.

“मला काय, काहीही चालतं, आक्का.”

…

आक्का तिच्या पानाकडे बघत होत्या. मग शैलजानेही पानाकडे पाहिलं.

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

मग गुडघ्यावर हात रोवून आक्का उठल्या. विझलेल्या चुलीपुढे बसल्या. ओली राख बाजूला सारली, कोरड्या काटक्या रचल्या आणि फुंकणी उचलली.

शैलजा धडपडत उभी राहिली. “आक्का, हे काय करताय? मठाचा नियम आहे…”

“नियम मला ठाऊक आहे. बस तू.”

लाकूड भिजलं होतं. धूर झाला. आक्का खोकल्या, डोळे पुसले, पुन्हा फुंकलं. कितीतरी वेळाने जाळ धरला. पातेल्यात पाणी गेलं, मूठभर मुगाची डाळ गेली.

“हिंग?”

“चालेल.”

“मिरची?”

“एखादी… फार तिखट नको.”

“मऊ शिजवू, का डाळ अख्खी राहू दे?”

शैलजा चटकन म्हणाली, “मऊ.” आणि म्हटल्याक्षणी तिला मामंजींचं बोळकं दिसलं.

आक्का काहीतरी पुटपुटत चुलीपाशी बसून होत्या. ओठ सारखे हलत होते. जप चाललाय, असं शैलजाला वाटलं, आणि आपल्या गुरूबद्दल तिला भरून आलं. आपण घरी दुसऱ्यांदा कढई चढवतो तेव्हा ती आदळतो. या बघा, डोळ्यांतून धुराचं पाणी वाहतंय आणि ओठांवर देव.

डाळ शिजतेय तोवर आक्कांनी फडताळातून एक बरणी काढली.

“साखरांबा आहे. गुळाचा नाही, साखरेचा. जरासा घे तोंडी लावायला.”

शैलजाने मान खाली घातली. “आंबा सोडलाय, आक्का… याच नवसासाठी. तो फळेपर्यंत.”

“असं,” आक्का म्हणाल्या. “घरात आणखी कुणाला आवडतो आंबा?”

“सगळ्यांनाच. ओजस तर बाठा पांढराफटक होईपर्यंत सोडत नाही.”

“मग यंदा खाल्ले असतील भरपूर.”

“यंदा नाही. यंदा आंबा घरात…”

ती थांबली.

यंदा आंबा घरात आलाच नव्हता.

तिला ते तोपर्यंत खटकलं नव्हतं. उलट समोर आंबा नाही म्हणून नवस पाळायला सोपं गेलं, अशीच तिची समजूत. आता चुलीच्या धुरात एकेक आठवायला लागलं. मे महिन्याच्या दुपारी ओजस शेजारच्या कमलताईंकडून यायचा तो घरात शिरायच्या आधी मागच्या नळावर जायचा. एकदा त्याच्या कोपराला नाक लावून मुग्धाने त्याला परत नळाकडे ढकललं होतं. कुजबुजली होती, आईला वास येईल, नीट धू. तेव्हा शैलजाने ते ऐकलं होतं आणि कशाचा वास हे विचारायचं राहून गेलं होतं. अनंत मिठाई आणायचा तेव्हा दारातूनच सांगायचा, गुळाची नाही, विचारून आणलीय. आणि मामंजी. होळी झाली की आमरसाची वाट बघायला लागणारे मामंजी. यंदा त्यांनी रस हा शब्द काढला नव्हता. एकदाही नाही.

दोडक्याला काथ्या म्हणणाऱ्या त्या घराने तिच्या आंब्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नव्हती.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

बरणीचं झाकण लावून आक्का चुलीकडे वळल्या. पळीत तेल तापलं. मोहरी तडतडली, हिंगाचा वास मठभर झाला, आणि चर्र करून फोडणी डाळीवर पडली.

मग त्या भरल्या पातेल्यासकट शैलजाच्या समोर येऊन बसल्या. तिच्या पानाशेजारी नवा द्रोण ठेवला. वरण वाढलं. त्यांच्या पानावर भात, आमटी, माठाची भाजी, चटणी, ताक सगळं निवून गेलं होतं. त्याला त्यांनी हात लावला नाही.

“घे.”

शैलजाने भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला. पहिला घास घेतला.

आक्का तिच्याकडे बघत होत्या. लहान मूल बाहुलीला भरवून बघतं, तसं.

“मीठ बरोबर आहे?”

शैलजाने मान हलवली.

“आता तुम्हीही घ्या ना, आक्का.”

“घेते. तू दुसरा घे आधी.”

तिने दुसरा घेतला. मग कुठे आक्कांचा हात आपल्या पानाकडे गेला.

दोघी जेवत राहिल्या. बाहेर ऊन नदीवरून काढता पाय घेत होतं. अर्धी भाकरी संपली तेव्हा शैलजाने, पानातच बघत, विचारलं की आमच्या गावाकडे जाणारी शेवटची गाडी केव्हा असते.

“मिळेल तुला. सावकाश जेव.”

“जाऊन पोचेपर्यंत त्यांची जेवणं राहतील. भात टाकलाच असेल मुग्धानं, पण त्या पोराला वरण वेगळं…” ती बोलता बोलता थबकली. मग हळूच म्हणाली, “मी जाईन, आक्का. करीन सगळं. पण माझ्यानं तुमच्यासारखं व्हायचं नाही.”

“माझ्यासारखं म्हणजे?”

“तुम्ही माझ्यासाठी चूल पुन्हा पेटवली, नियम मोडलात, एवढा धूर खाल्लात… आणि तोंडानं जप चालला होता. मी पाहिलं ना. मला मात्र दुसरं भांडं चढवताना राग येतो. दर वेळी येतो. आधी तो जावा, असं एखादं व्रत द्या. काय म्हणाल ते करते.”

आक्कांनी आमटीचा भुरका मारला. द्रोण खाली ठेवला.

“जप कसला,” त्या म्हणाल्या. “तुला शिव्या घालत होते.”

शैलजाचा घास हातातच राहिला.

“मोहरी तडतडेपर्यंत,” आक्का म्हणाल्या. “तूही तेवढंच करत जा.”