अस्वलकाकांचे आवळे कोणी खपवले?

सागाच्या एका रानात घुबडगुरुजी महाविद्यालय चालवत. माल खपवायचा कसा, ही एकच विद्या तिथे शिकवली जाई, आणि शिक्षण पुरते तीन वर्षांचे. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक पोपट होता. गुरुजींच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, की याचा तो पाठ! त्याच्याच शेजारी एक साळुंकी बसे. तीही अभ्यास करी. पण तास सुटला, की बाईसाहेब निघाल्या बाजारात. कोण काय घेतो, कोण नुसताच बघून पुढे जातो, का जातो, हे ज्याला त्याला विचारत हिंडायची. पोपट चोच मुरडून म्हणे, "नसत्या चौकशा! हे परीक्षेत येणार आहे का?"

त्या हिवाळ्यात अस्वलकाकांकडे आवळ्यांचा डोंगर झाला. ते गुरुजींकडे येऊन म्हणाले, "आठ दिवसांत खपले नाहीत तर सगळे सडतील हो! जो खपवील, त्याला सुटीभर माझ्याकडे काम." ते काम दोघांनाही हवे होते. पहिला मान पोपटाला मिळाला, कारण गुण त्याचे जास्त. भर बाजारात त्याने सुरुवात केली, "घ्या हो घ्या, साखरेहून गोड आवळे!" काय तो आवाज, वा! गर्दी लोटली. सशाने एक आवळा चावला मात्र, त्याचे डोळेच मिटले. "अरे लबाडा, हे गोड?" तो ओरडला. गर्दी पांगली. अस्वलकाका तर रडकुंडीलाच आले. आता त्यांच्या मालाला हात कोण लावणार?

दुसऱ्या दिवशी साळुंकीने टोपल्या थेट पाणवठ्यावर न्यायला लावल्या. ती स्पष्ट म्हणाली, "आवळे आंबट आहेत, तुरट आहेत, आधीच सांगते. एक खा आणि वर पाणी प्या. नाही आवडलं तर काही देऊ नका." हरिणीने भीतभीत एक खाल्ला, तोंड वेडेवाकडे केले आणि पाण्याला तोंड लावले. "अगंबाई! पाणी किती गोड लागतंय!" मग काय विचारता! चार दिवसांत टोपल्या रिकाम्या.

"हे तुला कुणी शिकवलं गं?" अस्वलकाकांनी विचारले. साळुंकी म्हणाली, "वानरांनी, काका. ते आवळा खाऊनच पाण्यावर येतात. मी विचारलं, असं का हो? त्यांनी मलाच एक खायला लावला!" काकांनी तिला तिथल्या तिथे कामावर घेतले. पोपट मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, आधी शिक्षण संपू दे, मग बाजार बघू." साळुंकी हसली. "अरे, अजून अख्खं एक वर्ष आहे आपल्यापाशी. उद्या येतोस?" तो गेला, आणि सगळ्यात आधी त्याने सशाची माफी मागितली.

तात्पर्य काय, तर मुलांनो, शिकण्याची वर्षे नुसती धडे घोकण्यात घालवू नका; त्याच वर्षांत चार लोकांत मिसळा, विचारा, करून बघा. आणि माल जसा असेल तसाच सांगा.